एका हंगामाला एकच पुस्तक: थर्ड पार्टी पुरवण्यांची मजा कशी घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातले पाच जण दोन वर्षांपासून डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे फासे टाकत त्यातली पात्रं खेळतात तो खेळ, मोफत मिळणाऱ्या नियमांवर खेळतात. त्यांच्यातल्या एकाने सवलतीत एक बंडल घेतलं आणि त्यातून वेगवेगळ्या प्रकाशकांच्या चाळीसेक पीडीएफ निघाल्या. मूळ कंपनीची नसलेली, म्हणजे थर्ड पार्टी, ही पुस्तकं घेतली तर खेळ बिघडतो का, आणि एवढ्या ढिगातून मजा काढायची कशी, असं त्यांच्या मास्तरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, विचारलं आहे.

मी नवेगावबांधच्या बाजूला राहतो. आमचा खेळ धान घरात आल्यावर सुरू होतो आणि मोहफुलं पडायला लागली की थांबतो, कारण मग पहाटे टोपली घेऊन निघायचं असतं आणि रात्री कोणी बसत नाही. मास्तर म्हणून माझे असे चौदा हंगाम झाले. त्यातले अकरा मी कुठली ना कुठली थर्ड पार्टी पुरवणी हाताशी धरून खेळवले. म्हणून आधी सरळ उत्तर देतो: पुस्तक मूळ कंपनीचं नाही म्हणून खेळ बिघडत नाही. चाळीस पुस्तकं एकदम उघडली तर बिघडतो. एका हंगामाला एकच पुस्तक घ्या आणि त्यातूनही तुमच्या टेबलाला लागेल तेवढंच. विरजणासारखं आहे हे. चमचाभर घातलं तर भांडंभर दुधाचं दही लागतं, वाटीभर घातलं तर आंबतं.

‘बाहेरचं’ म्हणून तुमच्या मित्रांना जी शंका येते तिच्यावर थोडं बोलतो. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ साली गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने छापून बाहेर आणला. नियम दिले, साहसं, म्हणजे खेळायच्या गोष्टी, लोक स्वतः रचतील, असा तेव्हाचा समज होता. मग १९७६ साली बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन या दोघांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जजेस गिल्ड नावाचं प्रकाशन काढलं, टीएसआरकडून परवानगी घेतली आणि एका अख्ख्या शहराचा नकाशा विकायला आणला. त्यात दुकानं होती, दुकानदार होते, त्यांच्या तोंडच्या गावगप्पा होत्या. म्हणजे थर्ड पार्टी पुस्तक खेळापेक्षा फक्त दोन वर्षांनी धाकटं आहे. घुबडाच्या डोक्याचं अस्वल, म्हणजे आउलबेअर, तुम्हाला माहीतच असेल. ते हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचलं, लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टरसुद्धा त्याच पिशवीतला. आपल्या जत्रेत दहा-वीस रुपयांना पुडी मिळते तसलीच ती खेळणी. ज्याला जे सापडलं ते त्याने टेबलावर आणलं, असाच हा खेळ वाढला आहे.

सगळ्यांसाठी कायदेशीर दार उघडलं २००० साली. तोवर खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आला होता आणि त्यांनी ओपन गेम लायसन्स आणलं. मूळ नियमांचा एक मोठा भाग कोणीही वापरावा, त्यावर आपली पुस्तकं छापावीत, अशी मुभा मिळाली. काही गोष्टी कंपनीने राखून ठेवल्या. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर हे मॉन्स्टर त्या मोफत नियमांत नाहीत, म्हणूनच तुमच्या चाळीस पुस्तकांत ते त्या नावाने सापडणार नाहीत.

आता माझ्याच टेबलावर घडलेलं सांगतो. तिसऱ्या हंगामात माझ्याकडेही असाच ढीग आला होता. मी खेळाडूंना म्हटलं, ज्याला जे आवडेल ते घ्या. चौघांनी चार वेगळ्या प्रकाशकांचे चार वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, उचलले. एकाकडे दर फेरीला सोबत्यांच्या जखमा भरण्याची शक्ती होती, एकाला एका पाळीत तीन वार मिळत होते. पाचवा पोरगा मोफत नियमांतला साधा फायटर घेऊन बसला. चौथ्या बैठकीनंतर तो यायचा बंद झाला. ट्रॅक्टरचं काम आहे म्हणाला. मी घरी गेलो तेव्हा खरं बोलला: “मास्तर, माही पाळी येते तवा सगळं आटपलेलं असते.” त्या चार पुस्तकांपैकी एकही वाईट नव्हतं. प्रत्येक लेखकाने आपल्या वर्गाची तुलना मूळ नियमांशी केली होती, एकमेकांशी कोणी केली नव्हती, आणि करणार तरी कशी? ते काम मास्तरचं होतं. मी ते केलं नाही आणि त्याचा त्रास त्या पोराला झाला.

तेव्हापासून पुस्तक कोणत्या जातीचं आहे हे मी आधी बघतो. मॉन्स्टरचं पुस्तक सगळ्यांत सुरक्षित, कारण मॉन्स्टर मास्तरच्या हातात असतो. आकडे चुकले तर तो त्या रात्री मरतो किंवा पळून जातो, दुसऱ्या दिवशी कोणाला काही सोसावं लागत नाही. खेळाडूला दिलेला वर्ग मात्र हंगामभर त्याच्यासोबत राहतो आणि मध्येच काढून घेतला तर मन दुखतं. म्हणून सुरुवात मॉन्स्टरपासून करा. नंतर एखादं साहस घ्या. खेळाडूंचे वर्ग आणि मंत्र सगळ्यांत शेवटी, तेही एकेक करून आणि सगळ्यांसमोर बोलून. कोबोल्ड प्रेसचं २०१६ सालचं ‘टोम ऑफ बीस्ट्स’ तुमच्या बंडलमध्ये असेल तर तिथूनच सुरू करा. चारशेच्या वर मॉन्स्टर आहेत त्यात. मी दोन हंगाम ते एकच पुस्तक वापरलं आणि त्यातले पंधरासुद्धा खेळून झाले नाहीत.

मॉन्स्टर घेण्याआधी पाच मिनिटं आकडेमोड करा. मुखपृष्ठावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, आपल्या खेळाडूंच्या कागदावरचे आकडे समोर ठेवा. समजा पहिल्या पातळीचा विझार्ड, म्हणजे जादूगार, आहे, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसेल तो आकडा, सात. पुस्तकातल्या मॉन्स्टरचा एक फटका २डी८ अधिक ३ आहे, म्हणजे आठ बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक तीन इतकी इजा. सरासरी निघते बारा. विझार्ड एका फटक्यात पडणार हे झालंच. पण पाचव्या आवृत्तीच्या, म्हणजे तुमच्या मोफत नियमांत शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा तुमच्या पूर्ण हिट पॉइंटइतकी झाली तर माणूस जागीच मरतो. इथे ती सीमा चौदा. २डी८ अधिक ३ मध्ये चौदा किंवा जास्त येण्याची शक्यता ६४ पैकी २१, म्हणजे लागलेल्या तीन फटक्यांपैकी एकात तुमचा विझार्ड कायमचा गेला. हे आधी कळलं तर तुम्ही फासा बदलून १डी८ कराल, किंवा तो मॉन्स्टर तिसऱ्या पातळीसाठी राखून ठेवाल. दुसरी मोजणी याहून सोपी आहे: एका फेरीत आपल्या बाजूचे वार किती आणि त्यांचे किती. एकटा मॉन्स्टर कितीही भारी असला तरी पाच खेळाडूंसमोर त्याला एकच पाळी मिळत असेल तर तो टिकत नाही. आणि सहा किरकोळ गॉब्लिन तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त मारतात.

मंत्रांसाठी मी तीन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, तिन्ही मोफत नियमांतल्या. पहिल्या पातळीचा बर्निंग हँड्स ३डी६ इजा करतो, सरासरी साडेदहा. दुसऱ्या पातळीचा शॅटर ३डी८, सरासरी साडेतेरा. तिसऱ्या पातळीचा फायरबॉल ८डी६, सरासरी अठ्ठावीस. शेवटची उडी बघा केवढी आहे. फायरबॉल मुद्दाम जड ठेवलेला मंत्र आहे, त्यामुळे एखादा लेखक त्याच्याशी बरोबरी करून बाकीचे मंत्र रचत असेल तर त्याचं पुस्तक जड होणारच. नवा मंत्र या खुंट्यांच्या फार वर गेला तर मी तो एक पातळी वर ढकलतो आणि खेळाडूला कारण सांगतो. जादूच्या हत्यारांचंही तेच. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अधिक एक म्हणजे पाच टक्के. गॉब्लिनचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाशावर गाठायचा आकडा, १५, तुमचा वार फासा अधिक ५, म्हणजे ५५ टक्के वेळा लागतो. हातात अधिक २ ची तलवार आली की तोच आकडा ६५ होतो. ऐकायला थोडं वाटतं, पण हंगामभर प्रत्येक वाराला लागू होतं.

एवढं झालं की आकड्यांची वही मिटा. खरी मजा पुढे आहे, आणि या उत्तराला मी बसलो तोही त्याच्यासाठीच.

पुस्तकातली गोष्ट आपल्या रानात आणता येते. डी अँड डीमध्ये राक्षस नावाचाच एक मॉन्स्टर आहे. तोंड वाघाचं आणि तळहात उलटे. मी तो पहिल्यांदा आणला तेव्हा पडवीत सुपारी कातरत बसलेली घरमालकाची आजी ऐकत होती. तिने मध्येच हटकलं: “राक्षसाचे हात उलटे कायले राहीन बापा? उलटे पाय त हडळीचे असतेत.” सगळे थांबले. मग तासभर आजीच बोलली आणि आम्ही ऐकलं. पुढच्या बैठकीत उलट्या पावलांचे ठसे गावाबाहेरच्या पांदणीत दिसले. पाचही जण ठशांच्या उलट दिशेला गेले, कारण त्यांना आजीचं बोलणं आठवलं होतं. आकडे मी पुस्तकातलेच ठेवले होते. नाव आणि पावलं आमची होती.

चकव्याचं उदाहरण जरा सविस्तर देतो, तुम्हाला लगेच वापरता येईल. मोफत नियमांत विल-ओ-विस्प आहे. आर्मर क्लास १९, हिट पॉइंट २२, शॉक लागला तर २डी८. दलदलीवर दिसणारा दिवा. एका थर्ड पार्टी साहसात असेच दिवे वाटसरूंना भुलवून नेतात. मी ती दलदल काढली आणि रात्रीच्या धानाच्या बांध्या घातल्या. आपल्याकडे चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या बांधीवरून फिरत राहतो, आणि जुनी माणसं सांगतात की अशा वेळी आहे तिथेच बसून राहावं, उजाडू द्यावं. मी तोच नियम केला: जो चालतो त्याच्यावर दिवा येतो, जो बसतो त्याला तो दिसत नाही. खेळाडूंना सांगितलं नाही. आर्मर क्लास १९ असल्यामुळे त्यांचे वार चुकत होते, दोघे पडायला आले होते, आणि मग एक जण हळूच म्हणाला, “मी बसतो.” त्या रात्री कंदिलाच्या उजेडात पाच जण खरोखर जमिनीवर मांडी घालून गप्प बसले होते. हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं, पण त्या पुस्तकाशिवाय मला सुचलंही नसतं.

साहसाचं पुस्तक घेताना मी नकाशा आणि माणसांची भांडणं बघतो. लढाया नंतर. एका साहसात तळ्याखाली बुडालेलं देऊळ होतं आणि पाण्याचा मालक झालेला एक जादूगार होता. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या माणसाला तळं समजावून सांगावं लागत नाही. माजी मालगुजारी तलाव म्हटलं की, म्हणजे आपला मामा तलाव, पाळ, सांडवा, खालच्या बांध्या, सगळं डोळ्यांसमोर येतं. मी देऊळ पाळीखाली ठेवलं आणि जादूगाराने सांडवा बुजवून टाकलाय असं केलं. पाणी वाढतंय, वरचं गाव बुडायला आलंय, खालच्या गावाचं धान वाळतंय. पुस्तकात त्या जागी दारात दोन पहारेकरी आणि एक लढाई होती. माझ्या खेळाडूंनी दोन्ही गावांची बैठक बोलावली आणि सांडवा किती फोडायचा यावर दोन तास वाद घातला. त्या रात्री फासा चार वेळा पडला असेल. आमच्या चौदा हंगामांतली सगळ्यांत चांगली रात्र म्हणून अजूनही तिचंच नाव निघतं.

तुमच्या ढिगात जुन्या पद्धतीच्या नियमांची पुस्तकंही असतील. ओल्ड स्कूल एसेन्शियल्स हे १९८१ सालच्या नियमांवर उभं आहे, बेसिक फँटसी नावाचा खेळ तर पूर्ण मोफत उतरवता येतो आणि त्याची साहसंही मोफत आहेत. त्यांचे आकडे पाचव्या आवृत्तीला जुळत नाहीत, पण म्हणून बाजूला टाकू नका. साहसात सहा ऑर्क लिहिले असतील तर ऑर्कचे आकडे तुमच्या पुस्तकातून घ्या, जागा आणि हेतू त्यांच्याकडून. नाव सारखं असलं की निम्मं काम झालेलं असतं. फक्त खजिना निम्मा करा, जुन्या साहसांत सोनं पोत्याने असतं, कारण तिथे सोन्यावरच अनुभवाचे गुण मिळत.

फासे टाकून वाचायचे तक्तेही सोडू नका. अफवांचा वीस ओळींचा तक्ता मिळाला तर तो आठवडी बाजारात वापरा. खेळाडू बाजारात जे काही घेईल, कांदे असोत की दोर, त्यासोबत एक अफवा. आमच्याकडे अर्ध्या मोहिमा अशाच सुरू झाल्या आहेत.

मराठीत भाषांतर करून आपल्या पोरांना वाटता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. २०२३ च्या जानेवारीत विझार्ड्सने जुनं लायसन्स बदलायचा मसुदा केला, तो बाहेर फुटला, जगभरचे खेळाडू आणि प्रकाशक चिडले, आणि २७ जानेवारीला कंपनीने पाचव्या आवृत्तीचे ते मोफत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्याखाली दिले. त्या परवान्यात श्रेय द्यायची अट आहे. ती पाळून तुम्ही मराठीत करा, वाटा, विकासुद्धा. २०२५ मध्ये नव्या नियमांचं एसआरडी ५.२ सुद्धा त्याच परवान्याखाली आलं. तुमच्या बंडलमधल्या विकतच्या पुस्तकांना मात्र हे लागू नाही. ती गटात एकाने घेतली आणि खेळताना सगळ्यांनी बघितली इथपर्यंत ठीक, पण पीडीएफ गावभर फिरवू नका. त्यातली बरीच पुस्तकं एक-दोन माणसं रात्री जागून लिहितात आणि त्यांचं पोट त्यावर असतं. पैसे नसतील तर ड्राइव्हथ्रूआरपीजी या साइटवर ‘हवे तेवढे द्या’ अशा किमतीची पुष्कळ पुस्तकं आहेत, ती घ्या आणि पुढे जमेल तेव्हा लेखकाला थोडे द्या.

आता हाताशी लागणाऱ्या गोष्टी. फोनवर चाळीस पुस्तकं वाचत खेळ चालवता येत नाही, आणि लाइट गेली की ते सगळंच अडतं. हंगामाच्या पुस्तकातली बारा-पंधरा पानं निवडा आणि तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा. बरेच प्रकाशक काळ्या पार्श्वभूमीशिवायची छापायची प्रत वेगळी देतात, तीच घ्या, नाहीतर शाईने पान ओलं होतं आणि अक्षर वाचता येत नाही. पानं अमेरिकन मापाची असतात, ए४ वर काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडायला सांगा. वीस बाजूंचा फासा एकच असेल तर एक ते दहाच्या चिठ्ठ्या आणि एक नाणं ठेवा. काटा आला तर चिठ्ठीचा आकडा, छापा आला तर त्यात दहा मिळवा. चिठ्ठी दरवेळी परत वाटीत टाकायची, नाहीतर हिशोब चुकतो. गॉब्लिन म्हणून आम्ही चिंचोके मांडतो, फोडलेली पांढरी बाजू वर असली तर तो जखमी.

तुमच्या गटाला माझी एक विनंती आहे. यंदाचं पुस्तक मास्तरने एकट्याने ठरवू नये. चाळीसही पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पहिली चार पानं एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बघा. ज्या पुस्तकातल्या एखाद्या चित्रावर दोघे-तिघे एकदम वाकतील, ते बाजूला काढा. आकडे मी वर सांगितलेत तसे तपासा. आणि ज्याने बंडल विकत घेतलं त्या भावाच्या हाती बाकीची एकोणचाळीस द्या, त्याला उन्हाळाभर वाचू द्या. पुढच्या कार्तिकात कोणतं उघडायचं ते त्यालाच विचारा.